लखूतात्यांचा एकच फटका

गेल्या महिन्यात लखूतात्यांचा मुलगा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. डोक्यावर नुकते केस उगवायला लागलेले. म्हणाला, "तात्या गेले. बंदूक ठाण्यात जमा करायची आहे म्हणतात. अर्ज लिहून दे."

चार ओळींचा अर्ज. पाच मिनिटांत झाला. त्यानं न वाचता सही केली, कागदाची घडी खिशात घातली आणि मुंबईची गाडी पकडायला निघूनही गेला. मी प्रिंटरकडे बघत बसले. लखूतात्यांच्या नावाचा कागद पाच मिनिटांत होऊ शकतो, यावर माझा विश्वास बसेना. ह्याच बंदुकीच्या कागदांसाठी तात्यांनी माझं दीड वर्ष खाल्लं होतं.

महाडला कोर्टाच्या रस्त्यावर माझा गाळा आहे. एक संगणक, एक प्रिंटर, दोन खुर्च्या आणि बाहेर पाटी. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ऑनलाइन फॉर्म. पाटीवर माझं नाव आणि नावापुढे बी.ए. रंगारी म्हणाला होता, "ताई, आजकाल बी.ए. कोन लिवतं पाटीवर?" मी म्हटलं, "आमच्या घरात आजपर्यंत कुणी लिहिलं नव्हतं, म्हणून मी लिहिते. ठळक काढ." वडील एमआयडीसीत पाळीवर जायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात लावणीला. त्या दोन अक्षरांची मला लाज वाटत नाही, आणि ती कुणी वाचली नाहीत तर मला राग येतो.

लखूतात्यांनी ती वाचली. गाळ्यात पाऊल टाकायच्या आधी ते पाटीसमोर चांगली पाच मिनिटं उभे होते. उंच, वाळलेला माणूस. गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, वर खाकी शर्ट, आणि कागद खताच्या रिकाम्या पिशवीत. माणूस आमच्याच गावचा. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी, वरच्या अंगाला त्यांची वाडी.

"तू बारक्याची पोर ना गो?"

"हो तात्या."

"बी.ए. म्हंजे काय काय येतं?"

"सगळं येतं."

"बंदुकीचा अर्ज येतो काय?"

मी म्हटलं, येतो. खरं तर तोपर्यंत मी बंदुकीचा अर्ज डोळ्यांनी पाहिला नव्हता. तात्यांच्या बाबतीत मी केलेला हा पहिला आणि शेवटचा खोटेपणा. पुढे त्यांनी मला एकही करू दिला नाही.

बंदूक म्हणजे ठासणीची. शेताच्या राखणीसाठी सरकारनं परवाना दिलेली, तात्यांच्या वडलांपासून आलेली. सगळ्या वाडीत तेवढी एकच. शिकारीशी तिचा संबंध कमी, आवाजाशी जास्त. नळीत दारू ठासायची आणि मोकळ्या आभाळात बार काढायचा. रानडुकरांचा कळप मग दोन दिवस त्या बाजूला फिरकायचा नाही. नाचणी पोटरीत आली की वाडीत राखणीच्या पाळ्या लागायच्या. एका घराची एक रात्र. ज्याची पाळी असेल त्यानं माचावर बसायचं, डबे वाजवायचे, आणि तात्या बंदूक घेऊन सगळ्या शेतांना एक फेरी मारायचे. पाळी चुकवणं म्हणजे आमच्याकडे कुणाच्या ताटात माती टाकण्यासारखं.

ती बंदूक बावीस वर्षं पोलीस ठाण्यात पडून होती. आणि बावीस वर्षांत डुकरं इतकी माजली की वरच्या उताराची निम्मी शेतं लोकांनी ओसाड टाकली. तात्या मात्र दरवर्षी वरचा तुकडा पेरायचे, दरवर्षी डुकरं तो नांगरून टाकायची. "मी मेल्यावर पडू दे ओस," ते म्हणायचे. "माज्या हातानं नाय टाकनार." त्यासाठी त्यांना बंदूक परत हवी होती. बाकी आयुष्यात त्यांना काही नको होतं, निदान माझ्याकडून तरी.

बंदूक गेली कशी, तर एका फटक्यानं.

तात्यांच्या शेताला लागून त्यांच्या चुलतभावाचं, काशिनाथचं शेत. एका वर्षी पाळी काशिनाथची होती आणि काशिनाथ पाचाडला मेव्हण्याकडे जेवायला जाऊन तिथंच झोपला. डुकरं त्याच्या रिकाम्या माचाखालून शिरली आणि तात्यांची सगळी नाचणी साफ करून गेली. उजाडताना तात्या फेरीवरून परतत होते, काशिनाथ पाचाडहून येत होता, आणि काशिनाथच्या अंगणात दोघांची गाठ पडली. तात्यांनी काठीनं मारलं. काशिनाथचं डोकं फुटलं. केस झाली, परवाना निलंबित झाला, बंदूक ठाण्यात गेली.

हे सगळं मी तुम्हाला पाच वाक्यांत सांगितलं. तात्यांनी मला ते फॉर्मच्या एका रकान्यात लिहायला लावलं.

रकाना असा होता: पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? असल्यास तपशील. आणि पुढं एक ओळ. मी टाइप केलं, ‘होय, किरकोळ भांडण.’ तात्यांना प्रत्येक कागद मोठ्यानं वाचून दाखवावा लागायचा, ‘येथे फोटो चिकटवा’ यासकट. मी वाचलं.

"किरकोळ कसं? त्याला सात टाके पडले."

"तात्या, सरकारी भाषेत असंच लिहितात."

"सरकारला टाके पडले काय? सात लिव."

मी सात लिहिलं. मग पाळीचं लिहा. मग नाचणी किती होती ते लिहा. मग, "मला राग आल्ता हे लिव, न्हायतर त्यांना वाटंल मी उगाच मारला." चौथ्या वेळी मी फॉर्म फाडला तेव्हा बाहेर रांगेत उभा असलेला एक जण दुसऱ्या गाळ्यात निघून गेला. "लिवलं की ऱ्हातं गो," तात्या शांतपणे म्हणाले. "मानूस जातो. म्हनून नीट लिव." हे वाक्य त्यांनी मला दीड वर्षात निदान शंभर वेळा ऐकवलं. आता ऐकवायला कुणी नाही तरी माझ्या कानात आहे, आणि अजूनही मला त्याचा रागच येतो.

त्यांच्या खरेपणाला वेळ-काळ नव्हता. एकदा भर दुपारी, चार गिऱ्हाइकं बसलेली असताना, ते मध्येच म्हणाले, "तुज्या आज्याला माज्या आयनं नेमी वेगळ्या कपातनं चाय दिला. कप पडवीच्या आढ्याला ठेवलेला असायचा. मीच काढून द्यायचो."

चारही गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्या घरात त्या कपाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. पण ती माझ्याच गाळ्यात, माझ्याच खुर्चीवर बसून कुणी सांगावी?

"हे आत्ता कशाला तात्या?"

"तू माजं सगळं लिवतंस. मग हे पन तुला म्हाईत पायजे." आणि समोरचा चहाचा ग्लास त्यांनी उचलला, प्यायले, बाहेरच्या नळावर स्वतः विसळून आणला आणि माझ्या टेबलावर पालथा ठेवला. रागावायला जागा नाही, आणि बरं वाटून घ्यायलाही नाही. मी पुढच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, "आधार कार्ड दाखवा."

त्यांच्या शिक्षेची गोष्टही तशीच. कोर्टात त्यांना विचारलं, गुन्हा कबूल आहे का? वकिलानं शिकवून ठेवलं होतं, नाही म्हणायचं. तात्या म्हणाले, "मारलं साहेब. पन कागदावर तीन फटके लिवलेत, तेवढे खोटे. एकच मारला." वकील कपाळाला हात लावून खाली बसला. शिक्षा झाली ती दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसभर कोर्टात बसून राहायचं, संध्याकाळी घरी. दुपारी न्यायाधीश जेवायला गेले तेव्हा शिपाई दया येऊन म्हणाला, "आजोबा, जावा आता, कोण बघतंय." तात्या हलले नाहीत. "कोर्ट जेवायला गेलंय," ते म्हणाले, "उठलं नाय." संध्याकाळी सगळे गेल्यावर शिपाई खिडक्या लावायला लागला, तेव्हा त्याच्याकडून खात्री करून घेऊन ते उठले. शेवटची गाडी गेलेली. चालत गेले.

तेव्हापासून वाडीत सगळे धरून चालले की शिक्षा झाली म्हणजे बंदूक कायमची गेली. तात्याही. कुणीतरी म्हटलं, त्यांनी मानलं. मी मात्र कायद्याचं पुस्तक मागून आणलं आणि इंग्रजीतून, शब्दकोश शेजारी ठेवून, तीन संध्याकाळ वाचलं. मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला ती संपल्यापासून पाच वर्षं परवाना मिळत नाही. पाच. म्हणजे तात्यांनी सतरा वर्षं उगाच आशा सोडली होती. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, निदान एकदा तरी हा माणूस खूश होईल.

"सतरा वर्षं?" ते म्हणाले. "मग येवढी वर्षं कुनी सांगितलं का नाय?"

"तुम्ही विचारलं का?"

"तू तवा बी.ए. नव्हतीस ना."

एवढ्यावर काम व्हायला हवं होतं. झालं नाही. अलिबागच्या कचेरीतून पत्र आलं: शिक्षा किती झाली, कधी संपली, याचा पुरावा जोडा. मी निकालाची नक्कल आणायला गेले, तर एवढ्या लहान केसचे जुने कागद नियमाप्रमाणे कधीच नष्ट केलेले. ठाण्याच्या नोंदवहीत फक्त ‘शिक्षा झाली’ एवढे दोन शब्द. म्हणजे तात्यांना आपला गुन्हा लहान होता हे सिद्ध करायचं होतं, आणि गुन्ह्याचा एकही कागद जगात उरला नव्हता.

कचेरीतल्या एका भल्या कारकुनानं वाट सांगितली. ज्याला मारलं त्याचंच प्रतिज्ञापत्र आणा; काय झालं, किती लागलं, आता माझी हरकत नाही.

ज्याला मारलं तो काशिनाथ. आणि काशिनाथ आणि तात्या बावीस वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. शेताला शेत लागून, घराला घर लागून. बोलायचंच झालं तर काशिनाथची बायको, सुमनकाकू, मध्ये उभी करायचे. "वयनी, त्याला सांग, गुरं आवर." "सुमन, त्याला सांग, आवरलीत." दोघं हाताच्या अंतरावर.

रविवारी मी काशिनाथच्या पडवीत जाऊन बसले. तो बुटका, गोल, बोलका माणूस. मी सगळं समजावून सांगितलं. तो लगेच हो म्हणाला, आणि इथंच मी सावध व्हायला हवं होतं.

"देतो की. त्याला बंदूक मिळाली तर माजीच नाचनी वाचंल. मी काय येडा हाय? पन खरं लिवायचं. तीन फटके."

"काका, किती ते नको. ‘मारहाण झाली’ एवढं पुरे."

"नाय नाय. डोक्याला तीन खोका हायत. बघ, हात लाव." त्यानं खरंच टोपी काढून माझ्यापुढे डोकं केलं. "एका फटक्यात तीन खोका पडतात काय गो? तुज्या बी.ए.त असं शिकवलंय काय?"

सुमनकाकू दारात उभ्या होत्या, सूप हातात घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तांदूळ पाखडायला लागल्या.

चार दिवसांनी तिघं माझ्या गाळ्यात. दोन खुर्च्यांवर दोन म्हातारे, मध्ये सुमनकाकू उभ्या.

"वयनी, त्याला सांग, एकच मारला."

"सुमन, त्याला सांग, मला मोजता येतं."

"वयनी, त्याला इचार, पाठ कुनाकडं व्हती तेची? पाठीला डोळं हायत काय?"

"सुमन, त्याला सांग, डोकं माजं व्हतं, त्याचं नाय."

"अहो, आकड्याचं काय करायचंय?" मी ओरडले. "बंदूक हवी आहे ना? वरच्या तुकड्यात डुकरं आलीत ना? लिहा दोन आणि मिटवा!"

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. "दोन?" तात्या म्हणाले. "दोन तर कुनीच बोल्लं नाय."

आठवड्यानं डुकरांनी काशिनाथची खालची वरई खाल्ली. मला वाटलं, आता तरी. काशिनाथ आला आणि म्हणाला, "लवकर कर गो काय ते." मी म्हटलं, मग एक लिहू? म्हणाला, "तीन लिव आन लवकर कर."

शेवटी मी डोकं चालवलं. दोन वेगळी प्रतिज्ञापत्रं केली. काशिनाथच्या कागदात तीन, तात्यांच्या कागदात एक. दोघांनी आपापला कागद वाचून घेतला, दोघांनी समाधानानं सह्या केल्या, आणि मी दोन्ही एकाच पाकिटात घालून पाठवले. कुठल्याही पदवीधराला कळायला हवं होतं की पुढे काय होईल. दोन्ही कागद परत आले. शेरा होता: कथनात विसंगती. अर्जदार व तक्रारदार यांनी समक्ष हजर राहावे.

म्हणून आम्ही चौघं अलिबागला गेलो. सुमनकाकू आल्या, कारण काशिनाथच्या गोळ्या त्यांच्या पिशवीत असायच्या आणि कोणती कधी घ्यायची ते त्याला माहीत नसायचं. साहेब तरुण होता, शांत बोलणारा. काकूंना खुर्ची मिळाली नाही; त्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

साहेबानं दोन्ही कागद समोरासमोर ठेवले. "एक की तीन?"

"एक," तात्या.

"तीन," काशिनाथ.

साहेबानं पेन खाली ठेवलं. "बरं. आता राग गेला का आजोबा? असं पुन्हा झालं तर पुन्हा माराल?"

मी मनात म्हटलं, नाही म्हणा. तात्या, एकदा, फक्त एकदाच.

"पाळी चुकवली तर मारीन," तात्या म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघायला लागले. दीड वर्ष, चार फाडलेले फॉर्म, तीन संध्याकाळचं इंग्रजी, सगळं त्या खिडकीतून समुद्राकडे चाललेलं मला दिसत होतं. पण साहेबानं कागद बाजूला सारले नाहीत. त्यानं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही राखणीवरून आला होता. म्हणजे बंदूक होती बरोबर. मारताना ती कुठं होती?"

"हातात नव्हती."

"मग कुठं होती?"

"व्हती बाजूला."

"बाजूला म्हणजे? जमिनीवर? भिंतीला?"

तो माणूस, जो टाक्यांचा आकडा राहिला म्हणून फॉर्म फाडायला लावतो, तो खाली फरशीकडे बघत गप्प. साहेबानं पुन्हा विचारलं. तात्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळेना. मला वाटलं, संपलं. बंदुकीनंच मारलंय यांनी.

"माज्याकडं व्हती."

दाराकडून आवाज आला. सुमनकाकू.

"तुमच्याकडे?"

"तात्यांनी माज्या हातात दिली. म्हनले, वयनी, धर, भरलेली हाय, भुईवर ठेवायची नाय. मी अंगनात झाडत व्हते. केरसुनी टाकली नि धरली. मग तात्यांनी कुडाची काठी उपसली." त्यांनी पदर सारखा केला. "एकच मारला. आमचे हे पळाया गेले ते पायरीवर पडले, उठाया गेले ते परत पडले. तसे तीन झाले."

काशिनाथ खुर्चीतल्या खुर्चीत वळला. "मग तवा का नाय बोल्लीस?"

"कुनी इचारलंय काय?" काकू म्हणाल्या.

साहेबानं नाही. ठाण्यानं नाही, कोर्टानं नाही, वकिलानं नाही. आणि मी, पाटीवर बी.ए. लिहिणारी, त्या बाईच्या पडवीत बसून चहा प्यायले, तिला माझ्या गाळ्यात अर्धा दिवस उभी ठेवली, दोन म्हाताऱ्यांचे निरोप इकडून तिकडे करायला लावले, आणि एकदाही तोंड वर करून विचारलं नाही की काकू, तुम्ही कुठं होतात. हा राग मला तात्यांवर काढता आला नाही. बाकी सगळे काढले.

बाहेर आल्यावर मी त्यांना धरलंच. "तात्या, एवढी मोठी गोष्ट! भांडताना बंदूक दुसऱ्याच्या हातात दिलीत, ह्याहून मोठा पुरावा कुठला? बावीस वर्षं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर लिवलं असतं."

"मग?"

"मग तिला बोलावलं असतं साक्षीला. नवऱ्याच्या इरुद्ध. नांदायचं व्हतं तिला." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "खोटं नाय बोल्लो मी. बाजूलाच व्हती ती."

दोन महिन्यांनी निलंबन उठल्याचा आदेश आला. नाचणी पोटरीत यायच्या सुमाराला परवान्याचं पुस्तक हातात पडलं. तो हंगाम वरच्या उताराला बरा गेला, वाडीतली नाचणी घरात आली, हे मला आईनं सांगितलं. तात्या नंतर मला भेटले नाहीत. पौषात गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बंदूक ताब्यात घ्यायला ठाण्यात गेलो त्या दिवशी.

हवालदारानं आतल्या खोलीतून बंदूक आणली. लाकूड पांढरं पडलेलं, नळीवर गंजाचे पापुद्रे, चापाला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. त्यानं ती आडवी धरून टेबलाकडे आणली तसे तात्या दोन पावलं मागं सरले.

"साहेब, तोंड भिताडाकडं करा. भरलेली हाय."

हवालदार जागच्या जागी थांबला. "काय?"

"त्या दिवसापासनं भरलेलीच हाय. बार काढलाच नव्हता. तवाच सांगितलं व्हतं. पंचनाम्यात ‘एक बंदूक’ येवढंच लिवलं."

बाकावर बसलेले दोन तक्रारदार उठून बाहेर गेले. मीही दाराच्या आड गेले. पदवीचा अशा वेळी काही उपयोग नसतो. हवालदारानं बंदूक इतक्या हळू भिंतीकडं वळवली की तान्हं मूल झोपवतोय असं वाटावं. तात्यांनी पाण्याचा तांब्या मागितला, नळीत पाणी ओतलं, आणि खताच्या पिशवीतून टोकाला पेच असलेला एक लोखंडी गज काढला. म्हणजे माणूस घरून तयारीनं आला होता, आणि मला एका शब्दानं बोलला नव्हता. व्हरांड्यात उकिडवे बसून त्यांनी गज फिरवत फिरवत आतलं सगळं बाहेर काढलं. आधी काथ्याचा बोळा, मग काही छर्रे, मग काळा ओला चिखल. बावीस पावसाळ्यांची दारू. वर्तमानपत्रावर तिचा ढीग झाला.

हवालदारानं कपाळ पुसलं आणि नोंदवही पुढे केली. "हत्यार मिळालं. इथं सही करा आजोबा. आणि जावा एकदाचे."

"दारूचं काय?"

"कसलं दारूचं? फेकून देऊ."

"ती तुमच्याकडं ऱ्हानार. मग मला पोच पायजे."

मी दाराच्या आडून बाहेर आले. माझ्या गाळ्यावर तीन जण थांबलेले होते, फोन वाजत होता, सव्वा बारा झाले होते. "तात्या, चिखल आहे तो!"

"लिवलं नाय म्हनून बावीस वर्षं भरलेली ऱ्हायली ना?" ते खालूनच म्हणाले.

हवालदारानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एक कोरा कागद ओढला आणि मोठ्यानं म्हणत लिहायला लागला. "भिजलेली... दारू... मूठभर... जमा."

तात्यांनी वर्तमानपत्राकडं पाहिलं. मग आपली मूठ मिटून त्या ढिगाशेजारी धरली, ढीग पाहिला, मूठ पाहिली.

"मूठभर नाय," ते म्हणाले. "अर्धी."

हवालदारानं पेन हवेतच धरलं आणि मदतीसाठी माझ्याकडं बघितलं. मी फोन बंद करून पिशवीत टाकला.

"अर्धी लिहा साहेब," मी म्हणाले. "अर्धीच आहे."